आलुबुखाराच्या फांदीवरचं घड्याळ

आमच्या शेजारचे स्तामेनकाका ऐंशीला टेकलेत, पण टेकडीवरच्या मधमाश्यांच्या पेट्यांकडे जाताना मधे कुठे टेकतील तर शपथ. फेब्रुवारीत छातीत धडधड झाली. डॉक्टर म्हणाले, महिनाभर नाडीची सलग नोंद द्या, मग टेकडीचं बघू. ती दिली नाही, तर लेक त्यांना सोफिया शहरात आपल्या घरी नेणार होती, सातव्या मजल्यावर. तिथे माश्या म्हणजे फक्त घरमाश्या.

एक मार्चला आमच्याकडे सगळे एकमेकांच्या मनगटाला लाल-पांढरा दोरा बांधतात. गावच्या दवाखान्यातल्या वेस्का सिस्टरनं काकांना दोऱ्याशेजारीच नाडी मोजणारं घड्याळ बांधलं आणि नेहमीचा आशीर्वादही उरकला, "पांढरेशुभ्र राहा, लालबुंद राहा, ठणठणीत राहा."

काका चढू लागले की घड्याळ थरथरायचं. 'आपली हृदयगती मर्यादेबाहेर आहे. कृपया विश्रांती घ्यावी.'

"हे कुणाला म्हणतंय?" असं विचारून काका चढतच राहायचे.

वेस्का माझ्याकडे आली. "तोदोरकाताई, तुमची जीभ जरा उसनी द्या."

मी लिहून दिलं, 'बसा काका. तुम्ही धापा टाकताय ते खालून सगळं गाव बघतंय.'

वेस्कानं घड्याळात तेच घातलं. काका बसायला लागले.

अठरा दिवस झकास गेले. एकोणिसाव्या सकाळी वेस्काच्या फोनवर काकांची नाडीच दिसेना. ती सायकल आडवी टाकून आत धावली, मागून मी, पिठाच्या हातांनी. काका अंगणात निवांत पाव-चीज खात बसलेले. मनगट मोकळं.

"घड्याळ कुठाय?"

काकांनी वर बोट केलं. फुललेल्या आलुबुखाराच्या फांदीवर दोरा, आणि दोऱ्याशेजारी घड्याळ.

"सकाळी करकोचा दिसला ना. मग सोडायचं आणि झाडाला बांधायचं."

"काका, ती रीत दोऱ्याची, घड्याळाची नाही!"

"एकाच दिवशी बांधलंस, आशीर्वादही एकच दिलास. मला काय स्वप्न पडणार?"

वेस्का रडवेली झाली. "आता पहिल्यापासून महिना मोजायचा."

"करकोचा आल्यावर मनगटाला काही बांधत नसतात," काकांनी पावाचा तुकडा मोडला.

वेस्का हृदयाचे ठोके समजावू लागली, तेव्हा मी तिला कोपरखळी मारली. ठोके सोडून ती म्हणाली, "हे पहिला मध काढेपर्यंत ठेवायचं असतं."

"मग आधी नाही का सांगायचं?" काकांनी हात पुढे केला.

जूनमध्ये पहिला मध निघाला तोवर नोंद एकदाही तुटली नाही. डॉक्टरांनी टेकडी मोकळी केली, पण सोबत कुणीतरी हवं आणि अर्ध्यावर बसायचं. सोबत मी जाते. अर्ध्यावर घड्याळ थरथरतं, 'बसा, नाहीतर सातवा मजला.' काका मुकाट बसतात. मी दोन वळणं खालीच धापा टाकत बसलेली असते.