पहिला लाडू मातीत

बाबा गेल्यावर दिल्लीतलं सरकारी क्वार्टर सोडावं लागलं आणि मी नि आई गुडगावच्या नव्या सोसायटीत राहायला आलो. फ्लॅट बाबांनीच बुक केला होता. बिल्डरच्या चित्रात झाडं होती, कारंजं होतं, सायकलवर मुलं होती. प्रत्यक्षात समोर मोहरीचं शेत, फाटकाशी पाण्याचा टँकर आणि आमच्या मजल्यावर कुलूप घातलेली दारं. "इथे माणूस मेलं तर वासावरूनच कळायचं," आई म्हणायची. ती पहिल्यापासून अशीच बोलायची, पण बाबांनंतर तिच्या बोलण्यावर हसू येईनासं झालं होतं.

माझं ऑफिस जवळच, काचेच्या इमारतीत. तेव्हा मोबाइल नुकते आले होते आणि इंटरनेट बहुतेकांना ऑफिसमध्येच मिळायचं. जेवणाच्या सुट्टीत आम्ही मुली डबा एका हाताने खायचो आणि दुसऱ्या हाताने चॅट करायचो. मी मराठी चॅटरूममध्ये जायचे. बाकीच्या हसायच्या: एवढं अख्खं जग खुलं झालंय आणि ही आपल्याच गल्लीत शिरते. पण दिल्लीत वाढलेल्या मराठी माणसाला हे सांगायला नको. बसमध्ये मागच्या सीटवरून कुणी "अगं, पिशवी घे" म्हणालं तरी आमची मान वळते. वळली की ओळख, ओळखीतून चहा, चहातून "आपलीच माणसं आहेत." आपलीच आहेत हे कशावरून, तर मराठी बोलतात म्हणून. एवढ्या पुराव्यावर आम्ही घराची किल्लीसुद्धा देऊ.

तिथे मला ती भेटली. नागपूरची, लग्न होऊन नोएडात आलेली, मुलगी लहान. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायची, मीही तसंच लिहायचे. ती स्वतःबद्दल फार बोलत नसे. विचारायची आणि ऐकून घ्यायची. बाबांबद्दल मी आईशी बोलू शकत नव्हते, कारण आई लगेच उठून काहीतरी घासायला घ्यायची. मग मी तिच्याशी बोलायचे. बाबा आमटीत गूळ जास्त घालायला लावायचे, इस्त्री स्वतः करायचे, हिंदी सिनेमाला झोपायचे, सगळं तिला सांगितलं. ती लिहायची, "अजून सांग ना." मला तेव्हा असं म्हणणारं दुसरं कुणीच नव्हतं.

नेटवर भेटलेल्या मुलांशी कसं वागायचं हेही तिनेच शिकवलं. दिवसाउजेडी भेटायचं. गर्दीच्या ठिकाणी. घरचा फोन नंबर द्यायचा नाही. जाताना-येताना आपली आपण, त्याच्या गाडीत बसायचं नाही. आणि कुठे चाललोय ते एका विश्वासाच्या माणसाला सांगूनच जायचं. मी तिला म्हटलं, माझं ते माणूस तूच. तिने हसरा चेहरा पाठवला.

काही महिन्यांनी त्याच चॅटरूममध्ये तो आला. साताऱ्याकडचा, पण लहानपणापासून दिल्लीत वाढलेला, आईवडील नाहीत, टेलिफोनच्या कंपनीत नोकरी. मी सगळे नियम पाळले. नव्या मॉलमध्ये, दुपारी, कॉफीच्या दुकानात भेटले. येताना-जाताना रिक्षा केली. तो नीटनेटका, हळू बोलणारा होता. मराठी थोडं अडखळत, मग पटकन हिंदीत जायचा, पण आमच्यातले निम्मे तसेच बोलतात. मी काही बोलायच्या आधीच त्याला समजलंय असं वाटायचं. आमटी गोडच हवी, म्हणाला. मला ते फार आवडलं.

दुसऱ्या भेटीच्या वेळी संक्रांत जवळ आली होती. दिल्लीच्या मराठी लोकांना संक्रांत म्हणजे पानिपतही आठवतं. त्याच दिवशी ते युद्ध झालं. लहानपणी दर वर्षी आम्ही मराठी मंडळाच्या बसने पानिपतला जायचो, काला अंबच्या स्मारकाशी. धुक्यात स्वेटर घालून सगळे उभे राहायचे, कुणीतरी भाषण करायचं, मग तिळगूळ. आमच्या घरी त्या दिवशी पहिला लाडू कुणी खात नसे. बाबा तो मातीत ठेवायचे आणि म्हणायचे, "जे परत गेले नाहीत त्यांचा." मग आम्ही खायचो.

कप बाजूला सारून तो म्हणाला, "रविवारी संक्रांत आहे, काला अंबला जाऊया का? मी गाडी आणतो. आमच्या घरी पण पहिला लाडू मातीत ठेवायचे. जे परत नाही गेले, त्यांच्यासाठी. कित्येक वर्षांत ठेवला नाही मी."

माझे डोळे भरून आले आणि मी ते लपवले नाहीत. बाबांच्या माघारी ते वाक्य मी पहिल्यांदाच कुणाच्या तोंडून ऐकत होते. गाडीत बसायचं नाही हा नियम मला आठवलासुद्धा, पण तो परक्यांसाठी होता. मी त्याला सोसायटीचं नाव सांगितलं, सकाळी फाटकाशी ये म्हटलं. नोएडाच्या मैत्रिणीलाही कळवलं, ठरल्याप्रमाणे. तिने लिहिलं, "जा गं. आपलाच माणूस आहे."

शनिवारी संध्याकाळी मी आणि आई लाडू वळत होतो. पाक गरम होता, हाताला चटके बसत होते, आणि मला कुणाला तरी सांगायचंच होतं, चॅटरूमचं मात्र नाही. मी म्हटलं, "ऑफिसमधल्या एकाकडे पण आपल्यासारखाच पहिला लाडू मातीत ठेवतात."

"कुणाकडे?"

"आहे एकजण. मराठीच आहे. सगळ्यांकडे असतंच ना ते."

आईचे हात थांबले. "सगळ्यांकडे कुठे असतं? वेडी का काय तू? ते तुझ्या बाबांनी काढलेलं."

मला समजेना. आई सांगू लागली, आणि तिच्या आवाजात किती तरी दिवसांनी बाबांबद्दल बोलतानाचं हसू होतं. "तू एवढीशी होतीस. तिथे स्मारकापाशी तुझ्या हातातला लाडू मातीत पडला. तू असं भोकाड पसरलंस की त्या बिचाऱ्यांना भाषण थांबवावं लागलं. तर तुझी समजूत काढायला हे म्हणाले, रडू नको, तो त्यांचाच होता, जे परत गेले नाहीत त्यांचा. पुढच्या वर्षी तूच आठवण केलीस, बाबा, त्यांचा लाडू ठेवायचा राहिला. तेव्हापासून चालू आहे. सासूबाईंना कळलं असतं तर म्हणाल्या असत्या, हे कुठलं नवीन खूळ."

म्हणजे ती मराठी चाल नव्हतीच. दिल्लीत वाढल्यामुळे मला कधी कळलंच नव्हतं की आमच्या घरातलं मराठी कुठे संपतं आणि बाबा कुठे सुरू होतात. जगात ते एकाच घरात होत होतं, आणि त्या घराबाहेर मी ते एकाच माणसाला सांगितलं होतं. नोएडाच्या मैत्रिणीला. आमटीतला गूळही तिलाच.

मी हातातला लाडू ताटात ठेवला. मग आईला सगळं सांगितलं, चॅटरूमपासून फाटकापर्यंत. ती ओरडली नाही. तिने हात धुतले, दाराची साखळी लावली, आणि लाडवांचं ताट झाकून ठेवलं. "पोलिसांत जाऊया?" मी विचारलं. "आणि काय सांगायचं," ती म्हणाली, "लाडू चोरीला गेला म्हणून?"

रविवारी धुक्यात फाटकाशी एक करडी गाडी येऊन उभी राहिली. दिवे चालू. पडद्याआडून आम्हाला आतला माणूस दिसत नव्हता. एक आहे की जास्त, तेही कळत नव्हतं. इंटरकॉम वाजला. आईने घेतला. रखवालदाराने माझं नाव घेतलं असणार, कारण तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "नहीं भैया, इस नाम की यहाँ कोई नहीं रहती." मला ते ऐकताना विचित्र वाटलं, खरंच मी तिथे नसल्यासारखं. गाडी बराच वेळ उभी होती. मग तिचे दिवे धुक्यात गेले. त्या दिवशी आम्ही लाडू खाल्ले नाहीत, ठेवलाही नाही.

सोमवारी ऑफिसमध्ये संगणक चालू केला, तर मैत्रिणीची चॅटची खिडकी उघडलेली. "का गं, गेली नाहीस?"

मी गेले नाही हे मी आईखेरीज कुणालाच सांगितलं नव्हतं.

खरं सांगते, मला घाम फुटला होता, पण त्याहून वाईट हे की माझी बोटं उत्तर टाइप करायला निघाली होती. एवढं मोठं काही घडलं की ते तिला सांगायचं ही सवय झाली होती. आणि ती नव्हतीच, तिच्या नावामागे तोच होता. नागपूर नव्हतं, लहान मुलगी नव्हती, "अजून सांग ना" म्हणणारं कुणीच नव्हतं. मी खिडकी बंद केली आणि पुन्हा त्या चॅटरूममध्ये पाऊल टाकलं नाही. त्याची भीती पुढे ओसरली. तिची आठवण मात्र अजून येते, आणि येते याची मला चीड येते.

आता ती शेतं गेली, गुडगावचं गुरुग्राम झालं, आमच्या मजल्यावरची दारं भरली. आईही गेली. माझी मुलगी फोनवरच्या अ‍ॅपवरून मुलांना भेटते आणि मला लपवत नाही, हे माझं नशीब. तिचे नियम तेच आहेत, फक्त सफाईदार. लोकेशन चालू ठेवते, कॅब स्वतःची, आणि एका मैत्रिणीला सांगून जाते.

"ती मैत्रीण कोण?" मी विचारते.

"मम्मा, यार, कितीदा सांगू? शाळेतली आहे."

"तू तिला समोर बसून भेटली आहेस ना?"

"बिल्कुल भेटले आहे. आपल्या घरी जेवली आहे ती. तू असं का विचारतेस?"

मी तिला गाडी, धुकं, चॅटरूम, सगळं सांगितलेलं आहे. लाडवाचं तेवढं सांगितलेलं नाही. संक्रांतीला ती क्लासला गेली की मी गॅलरीतल्या तुळशीच्या कुंडीत एक लाडू ठेवते आणि ती यायच्या आत उचलते. बाबांची एवढी एक गोष्ट तिला द्यावी असं दर वर्षी वाटतं, आणि दर वर्षी वाटतं की ती सहज कुणाला तरी सांगेल, आणि ते कुणीतरी तो असेल, म्हातारा झालेला, अजून ऐकत बसलेला. आज ती चाल मुळात कुणाची ते ठाऊक असलेली माणसं दोनच आहेत, मी आणि तो. त्याने ती पुढे किती जणींना स्वतःच्या घरची म्हणून सांगितली असेल, त्यातल्या किती जणी गाडीत बसल्या असतील, हे मला कधीच कळणार नाही.

म्हणून इथे लिहून ठेवते. तुम्हाला कुणी सांगितलं की आमच्या घरी संक्रांतीचा पहिला लाडू मातीत ठेवतात, जे परत गेले नाहीत त्यांच्यासाठी, तर उठा आणि निघा. तसं घर एकच होतं, आणि त्या घरातली मी शेवटची आहे.