डोक्यावरचं ढेकूळ

आमच्या गावचे येसकर डोळे मिटून शेताचा धुरा चालायचे. थट्टा नाही. नांदगाव खंडेश्वराकडच्या काळ्या रानात दोन शेतांमधला बांध पावसानं बसला की मालकालासुद्धा आपली हद्द दिसेनाशी होते. पण या माणसाच्या तळपायाला ती कळायची. "पाय खोटं बोलत नाई, पाटील," ते म्हणायचे. महारवाड्यातले हे म्हातारे. गावाची राखण करणं आणि शीव सांभाळणं हे त्यांचं पिढीजात काम. आज लिहिताना मी त्यांना 'ते' म्हणतो आहे. तेव्हा पाटलाचा पोरगा म्हणून मी त्यांना सरळ अरे-तुरे करायचो, आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटायचं नाही.

धुऱ्याचं भांडण पेटलं की पंच बसायचे आणि येसकरांना बोलावणं जायचं. ते आंघोळ करून, खांद्यावर घोंगडी टाकून यायचे, भांडणाच्या जागेचं एक ढेकूळ उचलून डोक्यावर ठेवायचे आणि चालू लागायचे. ते जिथून जातील ती हद्द. मग कुणी चकार शब्द काढायचा नाही. डोक्यावर माती घेऊन जो खोटं चालेल त्याचा वंश बुडतो, असं सगळे मानत. सगळ्यांत जास्त ते स्वतः. आणि बघा, ज्याच्या पावलावर अख्ख्या गावाचा भरवसा, त्याच्या हातचं पाणी गावाला चालत नव्हतं. मला याचा कधी राग आला नाही, कारण मला ते कधी दिसलंच नाही.

या कामाबद्दल त्यांना बलुतं मिळायचं. ज्वारीचं खळं झालं की रास उचलण्याआधी त्यांचा वाटा बाजूला निघायचा. त्यातली एक ओंजळ ते परत राशीवर टाकायचे. "काहून टाकतो रे?" मी एकदा विचारलं. "रास रिकामी दिसू नये, मालक," ते म्हणाले. "तुमची भरली त माही भरली."

मग कापसाचे दिवस आले. समुद्रापलीकडे कुठेतरी लढाई जुंपली म्हणे, आणि अमरावतीच्या बाजारात आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला. माणसं पिसाटली. ज्यांच्या अंगावर धड बंडी नव्हती त्यांनी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या घातल्या. आम्हीही ज्वारी मोडून पार अंगणापर्यंत कापूस पेरला. एक गोष्ट मात्र कुणाच्या ध्यानात आली नाही, की कापसाला खळं नसतं. बोंडातून गाडीत आणि गाडीतून अमरावतीला. खळं नाही तर बलुतं कुठलं? कुणी मुद्दाम बंद केलं नाही हो! ते आपोआप बंद पडलं, म्हणून कुणाला पापही लागलं नाही. दिवाळीला माझ्या वडिलांनी येसकरांच्या घोंगडीत पसाभर कापूस टाकला. त्यांनी तो चिमटीत धरून पाहिला. "झकास हाये, पाटील. पन दाताखाली कसा घेऊ?" वडील हसले. मीही हसलो.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात शेजारच्या पुंजाजीनं आमच्यावर पंच बसवले. त्याचं खरं होतं. नांगरताना मीच दरसाल दोन-दोन तास, म्हणजे नांगराच्या रेघा, त्याच्या बाजूनं जास्त मारत होतो. कापसाचा भाव असा, की एक तासही सोडवत नव्हता. बघता बघता बांध मोडला आणि त्याची सात हातांची पट्टी आमच्या रानात आली. पंचांनी येसकरांना दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं. त्या दुपारी वडिलांनी त्यांना आमच्या ओट्याखाली उभं केलं.

"येसकर, घरी काय शिजून राहिलं?"

"चिंचेचा पाला उकडला, मालक. सून बाळंतीन हाये. दूध आटलं तिचं."

"दोन पोते ज्वारी देतो. उद्या जरा बेतानं चाल."

येसकर आपल्या पायांकडे पाहत राहिले. मग त्यांनी ओट्यावर बसलेल्या माझ्याकडे पाहिलं. 'दादा, पट्टी आपली नाही. आणि ज्वारी तशीच द्या,' एवढं मी वडिलांना म्हणू शकत होतो. मी उठून बैलांना पाणी दाखवायला गेलो.

सकाळी सारा गाव शेतावर जमला. येसकरांनी ढेकूळ डोक्यावर घेतलं. त्या दिवशी पहिल्यांदाच ते डोळे उघडे ठेवून चालले. मोडल्या बांधावरच्या बाभळीपाशी थबकले, आणि पुढचं पाऊल पुंजाजीच्या रानात पडलं. पट्टी आमची झाली. पुंजाजीनं वाकून माती कपाळाला लावली. "येसकर चालला त खरंच असन," तो म्हणाला. त्यानं मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

पोती त्यांच्या घरी गेली. आठ दिवसांनी येसकरांची घोंगडी आणि काठी आमच्या ओट्याखाली ठेवलेली सापडली. मुलगा, सून, नातू आणि म्हातारा, सगळे गाव सोडून गेले होते. पोट भरलं तसा म्हातारा माजला, असं गाव म्हणालं.

दोन वर्षांनी कापसाच्या गाड्या घेऊन मी अकोल्याला गेलो. तिथे रेल्वेच्या रुळांसाठी मातीचा भराव चालला होता. "धोंडबा, पाय उचल!" मुकादम ओरडला, आणि डोक्यावर मातीची पाटी घेतलेल्या एका म्हाताऱ्यानं मान वळवली. येसकर! त्यांना नाव होतं, आणि ते मला एका परक्या मुकादमाच्या तोंडून कळलं.

"जोहार, पाटील."

"येसकर, गावी चला." पहिल्यांदाच माझ्या तोंडून 'चला' निघालं. "नातू कसा आहे?"

"नाई राह्यला. मातीनं नेला. खोटं चाललो ना."

"भुकेनं गेला तो, येसकर! पाप आमचं आहे."

"तुमचं कसं, पाटील? चाललो त मी." त्यांनी पाटी नीट केली. "इथं बरं हाये. दिवसभर माती डोक्यावर असते, पन कोनी खरं-खोटं इचारत नाई."

गावी पोचताच मी तडक पुंजाजीकडे गेलो. "पट्टी तुही हाये. घे परत," म्हटलं.

त्यानं कानांवर हात ठेवले. "असं बोलू नका, पाटील. डोक्यावर माती घेऊन चालला होता तो. येसकर खोटा चालन काय?"

दोन पोत्यांची गोष्ट माझ्या ओठांवर आली होती. पण ती सांगितली, की गावात येसकरांच्या पावलावरचा भरवसा तेवढा उरला होता, तोही जाणार होता. मी मान खाली घालून परतलो. ती पट्टी अजून आमच्याकडेच आहे.