एकतीस नंबरच्या आजीचं म्हणणं

माझ्या मावशीच्या यजमानांइतका आज्ञाधारक माणूस मुंबईत दुसरा झाला नसेल. जिन्यात ‘डावीकडून चाला’ अशी पाटी लागली, तर रिकाम्या जिन्यातही काका भिंतीला खांदा घासत डावीकडूनच चढत. बँकेतल्या पेनची दोरी तुटलेली दिसली, तेव्हा मॅनेजर येईपर्यंत ते त्या पेनवर पहारा देत उभे राहिले होते. असा माणूस कोर्टाच्या अवमानाच्या प्रकरणात अडकला हे ऐकून आम्हाला आधी हसूच आलं.

करी रोडची त्यांची चाळ पुनर्विकासात गेली. भाडेकरूंनी खोल्या सोडाव्यात असा कोर्टाचा आदेश निघाला, सगळे गेले, काका राहिले. कारण आदेशात शेजारच्या एकतीस नंबरच्या खोलीतल्या आजीचंही नाव होतं, आणि आजी तर त्याच्या दोन वर्षं आधीच वारलेली. काकांनीच खांदा दिला होता. तिला नोटीस बजावायला गेलेल्या कोर्टाच्या बेलिफच्या अहवालात मात्र लिहिलेलं: नोटीस समक्ष दाखवली, घेण्यास नकार. बाजू न ऐकता काढलेला आदेश घटनेत बसत नाही, असं म्हणत काकांनी मावशीला लेकीकडे धाडलं आणि ते त्या ओसाड चाळीत एकटेच बसले. बिल्डरने अवमान याचिका लावली.

मी दुपारी डबा घेऊन जायचो. शेजारच्या एकतीस नंबरला बाहेरून कुलूप होतं, तरी आतल्या मोरीत कुणीतरी तांब्या ठेवल्याचा आवाज यायचा. मी दचकायचो. काका जेवता जेवता वहीत वेळ टिपून ठेवत.

“प्रतिज्ञापत्रात घालणार आहे,” ते म्हणाले. “आवाज कुणाचा ते ठाऊक नाही, असंही लिहिणार. शपथेवर खोटं नको.”

कोर्टात न्यायाधीशांनी शांतपणे सांगितलं, की आदेश घटनाबाह्य वाटत असेल तर त्याला वेगळं आव्हान द्या, पण रद्द होईपर्यंत तो पाळावाच लागतो, नाहीतर तुरुंग आहे. मावशीने माझं मनगट घट्ट धरलं. मग न्यायाधीशांनी बेलिफला विचारलं, त्या दिवशी दार उघडलं कुणी?

“पांढऱ्या लुगड्यातल्या म्हातारीने, साहेब. उजव्या हाताला चारच बोटं होती.”

काकांचा चेहरा उतरला. आजीचं बोट गिरणीत गेलं होतं, आणि हे त्यांनी कागदावर कुठेच लिहिलेलं नव्हतं. शेवटी आजीचं नाव आदेशातून वगळलं गेलं. काकांना आठ दिवसांची मुदत मिळाली, आणि तेवढ्या दिवसांत खोली सोडली तर अवमानाचं प्रकरण बंद होणार होतं. काकांनी मान डोलावली.

निघायच्या दिवशी त्यांनी एकतीस नंबरच्या बंद दारासमोर उभं राहून नवा आदेश सावकाश वाचून दाखवला. वाचून झाल्यावर आतून कडी लागली. मी ऐकली. बाहेरचं गंजकं कुलूप होतं तसंच होतं.

टॅक्सी लेकीच्या घराकडे, अँटॉप हिलच्या दिशेने निघाली तरी काका मागे वळून चाळीकडेच बघत होते. मी म्हटलं, काका, जिंकलात की.

“तिला आता आदेश लागूच नाही,” ते म्हणाले. “म्हणजे तिला तिथून निघ म्हणणारं कुणी उरलं नाही रे.”