कुर्दी गालिच्यातली हिरवी पानं

धाग्याच्या टोकाला लायटर लावला, तर ते जळायच्या ऐवजी वितळलं. टोकाशी काळा कडक मणी तयार झाला. लोकर असती तर केस जळल्याचा वास आला असता आणि बोटानं चुरगाळता येईल अशी राख उरली असती. हे अ‍ॅक्रिलिक होतं.

"बघ," डरमॉट म्हणाला. "कुणीतरी मागाहून मारलेलं ठिगळ आहे. काढून टाक."

डरमॉट माझा बॉस. आयर्लंडमधल्या कॉर्क शहराबाहेर त्याचं गालिचे धुण्याचं आणि दुरुस्त करण्याचं वर्कशॉप आहे. मी मूळची इचलकरंजीची, टेक्स्टाइल केमिस्ट्री शिकलेली. नवऱ्याला इथून जवळच रिंगास्किडीला फार्मा प्लांटमध्ये नोकरी लागली म्हणून इथं आले. डरमॉटला रंग जुळवणारं माणूस हवं होतं. सहा वर्षं झाली त्याला.

गालिचा होता शिरीनचा. ती माझ्या नवऱ्याच्या लॅबमध्ये काम करते. ती कुर्दी आहे. तिचं लहानपण इराकमधल्या निर्वासितांच्या छावणीत गेलं, आणि तिथंच तिच्या आईनं हा गालिचा विणला. आई तीन महिन्यांसाठी इंग्लंडमध्ये लीड्सला मुलाकडे गेली होती, सुनेच्या बाळंतपणाला. दमट हवेत खराब व्हायला नको म्हणून शिरीननं गालिचा गुंडाळून हॉट प्रेसमध्ये ठेवला. गरम पाण्याची टाकी असते त्या कपाटाला इथं हॉट प्रेस म्हणतात. घरातली सगळ्यात कोरडी जागा. नेमकी ती टाकीच मागच्या बाजूनं गळायला लागली. गालिचा उघडला तेव्हा एक कोपरा कुजलेला.

"आई यायच्या आत झालं पाहिजे," शिरीन मला म्हणाली होती. "तिला कळता कामा नये."

हातानं विणायच्या गालिच्यात आधी उभे धागे ताणतात. तो ताणा. मग लोकरीचा दोरा शेजारशेजारच्या दोन उभ्या धाग्यांभोवती फिरवून दोन्ही टोकं मधून पुढं ओढायची आणि कापायची. ही झाली एक गाठ. गाठींची एक ओळ झाली की आडवा धागा घालायचा आणि लोखंडी पंजानं ठोकून घट्ट बसवायचा. कापलेल्या टोकांची जी मऊ लव दिसते, तीच नक्षी.

इथं कुजला होता तो लोकरीचा ताणा. त्या कोपऱ्यात हिरव्या पानांची एक रांग होती. अर्धी रांग भोकात गेली होती, तीन पानं शिल्लक होती. ती मात्र अगदी टवटवीत, कारण अ‍ॅक्रिलिक कुजत नाही. बाकीच्या गालिच्यात हा हिरवा कुठंच नव्हता. समोरच्या कोपऱ्यातली पानं मंजिष्ठेच्या मुळांपासून केलेल्या लाल रंगातली होती.

मी शिरीनला फोन केला. "हा हिरवा कुठून आला, आईला विचारशील?"

"विचारलं तर तिला कळेल ना!"

"मग काढू?"

"तुम्ही एक्स्पर्ट आहात. काढा."

मी काढला. कुर्दी बायका नक्षीचा कागद समोर ठेवून विणत नाहीत, मनात येईल तसं हातातून उतरतं, त्यामुळे एक कोपरा दुसऱ्यासारखा असेलच असं नाही. हे मला पाठ होतं. तरी मी समोरचा कोपरा आरशात बघावा तसा उतरवून घेतला. नवा ताणा सुईनं ओवला, मंजिष्ठेत लोकर रंगवली, नऊ दिवस गाठी मारल्या. लाल असा जुळला की डरमॉटनं चष्मा काढून पुन्हा घातला. "ग्रँड," म्हणाला. तो यापेक्षा जास्त कौतुक करत नाही.

दहाव्या दिवशी दार उघडलं आणि शिरीन आत आली. चेहरा पडलेला. मागे डोक्याला पांढरा रुमाल बांधलेली एक ठेंगणी म्हातारी आणि शिरीनची दहा वर्षांची मुलगी, रोजीन. आजी एक आठवडा आधीच परतल्या होत्या आणि आल्या आल्या त्यांनी गालिचा कुठं आहे म्हणून विचारलं होतं.

आजींनी माझ्याकडे बघितलंही नाही. सरळ गालिचा उलटा केला. जाणकार माणूस गालिचा पाठीकडून बघतो. माझ्या गाठींवरून त्यांनी नख फिरवलं, मान डोलावली. मला बरं वाटलं. मग त्यांनी गालिचा सुलटा केला आणि कुर्दीत काहीतरी विचारलं.

"हिरवं कुठं गेलं, म्हणतेय," शिरीन म्हणाली.

मी खरं ते सांगितलं. आमच्याकडे काढलेला धागा फेकत नाहीत, म्हणून मी पिशवी आणून दाखवली. आत नखाएवढे हिरवे तुकडे. आजींनी पिशवी हातात घेतली आणि दोन-चार तुकडे तळहातावर काढले. मग हळूहळू बोलायला लागल्या. शिरीन भाषांतर करत होती. मध्येच ती थांबली आणि एकदम आईवर ओरडली, कुर्दीतही नाही, इंग्रजीत.

"वाऱ्यानं उडवून नेला म्हणाली होतीस तू!"

छावणीत शिरीनकडे एक हिरवा स्वेटर होता. मदतीच्या गाठोड्यातून आलेला. ती सहा वर्षांची होती आणि तो अंगातून काढायची नाही, धुवायलाही नाही. बाह्या कोपरापर्यंत आल्या तरी नाही. शेवटी आईनं तो गुपचूप उसवला. गालिच्याची लोकर संपली होती आणि त्या कोपऱ्यातली पानं विणायची राहिली होती.

"दोन दिवस रडले मी त्या स्वेटरसाठी," शिरीन म्हणाली. आता ती हसत होती की रडत होती, कळत नव्हतं. आजींनी तिचा हात धरून तो गालिच्यावर ठेवला. लाल पानांवर, माझ्या.

"आजी, माझं चुकलं," मी मराठीत म्हणून गेले. त्यांना अर्थ कळला असावा. त्यांनी माझ्या गालावर हलकी चापट मारली आणि ब्लेड मागितलं.

मग त्यांनी माझी नऊ दिवसांची लाल पानं काढून टाकली.

"हे चालणार नाही," डरमॉट मला बाजूला घेऊन म्हणाला. "आपण फक्त मूळचं परत आणतो. नवीन काही घालत नाही."

"डरमॉट, जिनं विणला ती समोर बसलीय. मूळचं काय ते तीच ठरवणार ना?"

तो आजींसाठी चहा करायला गेला.

प्रश्न हिरव्या धाग्याचा होता. पिशवीतल्या तुकड्यांची गाठ बसत नव्हती, इतके ते आखूड. लोकर मी रंगवून दिली असती, पण आजी नको म्हणाल्या. त्यांची नजर रोजीनवर गेली. रोजीनच्या अंगात शाळेचा स्वेटर होता, इथं त्याला जंपर म्हणतात. बाटलीच्या काचेसारखा हिरवा. बाह्या आखूड झालेल्या.

"या वेळी विचारून घे," शिरीननं आईला बजावलं.

आजींनी विचारलं. रोजीननं क्षणभर विचार केला. "ग्रँड. तसाही टोचतो मला. पण नवा मिळणार ना?"

दुसऱ्या दिवसापासून आजी रोज आल्या. जंपरचा धागा बारीक होता, म्हणून त्यांनी तो दुहेरी केला. मी हुक वापरते, त्या नुसती बोटं. माझी एक गाठ होईपर्यंत त्यांच्या तीन व्हायच्या. शेवटच्या दोन पानांच्या गाठी त्यांनी मला मारायला दिल्या आणि शेजारी बसून राहिल्या. एक गाठ सैल बसली, तर मनगटावर टिचकी मारली.

हा हिरवा जुन्यापेक्षा गडद आहे. डरमॉटला ते अजून खटकतं. शिरीन म्हणते, आई पाहुण्यांना आधी तोच कोपरा दाखवते.

आमच्या जॉब शीटवर मी एक नवा प्रश्न घातलाय: विणणारी व्यक्ती हयात आहे का? बहुतेक लोक 'माहीत नाही' लिहितात. कुणी 'हो' लिहिलं, तर कात्री हातात घेण्याआधी मी तिला फोन लावते. गिऱ्हाईक कितीही नको म्हणालं तरी.