मावशीची उलटतपासणी

माझी मावशी दात बनवते. म्हणजे ती दातांची डॉक्टर नाही. डॉक्टर पेशंटच्या तोंडात माप घेतात, ते माप डबीत घालून मावशीकडे पाठवतात, आणि मावशी त्यावरून कॅप, कवळी, जे काय हवं असेल ते बनवून देते. पेशंटला वाटतं सगळं डॉक्टरांनीच केलं. मावशीला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. आपल्याला कोणी ओळखत नाही हे उलट तिला फार सोयीचं वाटायचं.

"ओळख झाली की माणूस काहीतरी मागायला येतो," असं तिचं म्हणणं.

घराच्या मागच्या खोलीत तिची लॅब. खिडकीखाली लांब टेबल, त्यावर मेण वितळवायचा छोटा बर्नर, कोरायच्या पट्ट्या, प्लास्टरचे जबडे आणि एका कोपऱ्यात भट्टी. सगळ्यावर पिठासारखी पांढरी धूळ. शेजारच्यांना आत दिसू नये म्हणून खिडकीची खालची काच तिने कागद लावून झाकलेली. दारावरची घंटा वाजली की आधी भिंगातून बघणार, मग साखळी अडकवून दार बोटभर उघडणार, आणि समोर मी असले तरी विचारणार, "एकटीच आलीस ना?"

पूर्वी तिची एक भागीदार होती. ती एक दिवस निम्मे डॉक्टर आपल्याबरोबर घेऊन गेली. मावशीचा स्वभाव त्यामुळे असा झाला, असं लोकांना वाटतं. माझ्या आईला हे पटत नाही. "काही नाही," आई म्हणते, "ही पाळण्यातसुद्धा एक डोळा उघडा ठेवून झोपायची."

तिचं बरंचसं काम एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडून यायचं. ते एकदाचे निवृत्त झाले आणि त्यांचा दवाखाना एका मोठ्या कंपनीने घेतला. कंपनीचे असे अनेक दवाखाने होते आणि सगळ्यांचं काम कंपनीच्या स्वतःच्या मोठ्या लॅबमध्ये मशीनवर व्हायचं. मावशीकडे येणाऱ्या डब्या हळूहळू थांबल्या. मी भेटायला जावं तर ती स्वच्छ असलेल्याच पट्ट्या पुन्हा पुसत बसलेली असायची.

मी विमा कंपनीत नोकरी करते. आमच्याकडे येणाऱ्या एका दातांच्या डॉक्टरांकडून मला कळलं, की डॉक्टर आणि लॅबवाले यांचा दरवर्षी एक मेळावा असतो. हॉटेलच्या हॉलमध्ये भाषणं, चहा आणि एकमेकांच्या ओळखी.

"तू जा तिथे," मी मावशीला म्हटलं.

"कशाला?"

"ओळखी होतील. नवीन काम मिळेल."

"ज्याला स्वतःला काम हवंय तोच अशा ठिकाणी जातो. मग काम देणार कोण?"

शेवटी "मी बरोबर येते" म्हटल्यावर ती तयार झाली, तीही तिला तिथे नेण्यात माझा काय फायदा आहे हे दोनदा विचारून.

हॉलच्या दारात एक मुलगी छातीवर लावायची पट्टी देत होती. नाव लिहा, दवाखान्याचं नाव लिहा, फोन नंबर लिहा. मावशीने नावाच्या जागी फक्त "लॅब" लिहिलं आणि नंबर माझा दिला.

"अगं, माझा नंबर कशाला?" मी तिला बाजूला घेऊन विचारलं.

"तुझ्याकडून त्यांना काय मिळणार आहे? काही नाही. म्हणून."

आत सगळे एकमेकांना बघून दात काढत होते. मावशी भिंतीला पाठ लावून उभी राहिली. मी तिला ऐकलेल्या चार गोष्टी सांगितल्या. जरा हसून बोलावं, स्वतःची ओळख करून द्यावी, आपल्या कामाविषयी सांगावं.

"मी कशाला सांगू?" ती म्हणाली. "आधी त्यांना सांगू दे."

इतक्यात करड्या कोटातले एक गृहस्थ हात पुढे करून आलेच. "या, या! तुमच्याबद्दल फार ऐकलंय!"

"कोणाकडून?" मावशीने विचारलं.

त्यांचा हात हवेतच राहिला. "म्हणजे... सगळेच म्हणतात."

"सगळे म्हणजे कोण? माझ्या पट्टीवर तर नावसुद्धा नाही."

गृहस्थ जोरात हसले, तिच्या पाठीवर थाप मारावी की नाही या विचारात पडले, आणि पुढच्या घोळक्याकडे वळले. मावशी त्यांच्याकडे बघत राहिली. "याच्या पोटात काहीतरी आहे," ती म्हणाली. त्यांचं नाव आम्हाला पुढे कळलं, पण आमच्या घरात ते कायम 'करडा कोट'च राहिले.

मग तिने सुरुवात केली. एक जाडसर डॉक्टर तिच्या लॅबची चौकशी करत आले, तर ती म्हणाली, "तुमच्या आत्ताच्या लॅबवाल्याला का सोडताय?"

"सोडतोय असं मी कुठे म्हटलं?"

"मग माझ्याशी का बोलताय?"

डॉक्टर मग बोलायलाच लागले. कॅप नेहमी उंच येते, पेशंट तोंड उघडून बसलेला आणि आपण घासत बसायचं. मावशी विचारत गेली. माप कोण घेतं? तुम्ही की असिस्टंट? मापाची डबी किती वेळ पडून राहते? लॅबवाल्याला हे कधी फोन करून सांगितलंत का? नाही? का नाही? डॉक्टरांचा चहा हातातल्या हातात गार झाला. जाताना ते माझ्याकडे वळून म्हणाले, "फार अभ्यासू आहेत हो बाई." मावशी मात्र मला म्हणाली, "लॅबवाल्याचा दोष नाही. हाच घाईत माप घेत असणार."

असेच आणखी काही जण आले. कोणी हसून बोललं की तिच्या मनात पाल चुकचुकायची, आणि पाल चुकचुकली की ती प्रश्न विचारायची. मी आपली बाजूला उभी राहून लोकांचे चेहरे बघत होते. कोणी रागवत नव्हतं, हेच मला नवल वाटत होतं.

"ती खांबाजवळची बघितलीस?" मावशी मध्येच कुजबुजली. "मघापासून आपल्यावर पाळत ठेवून आहे."

खांबाजवळ हातात कप घेऊन एक तरुण बाई एकटीच उभी होती. खरंच आमच्याकडे बघत होती. मी काही म्हणायच्या आत मावशी तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. "काय बघताय?"

ती बाई दचकली. मग म्हणाली, "तुमच्याजवळ येऊन उभं राहू का, असा विचार करत होते. मला इथे कोणी ओळखत नाही. आणि उगाच न हसणाऱ्या तुम्ही एकट्याच दिसलात."

ती दातांची डॉक्टर होती. गावाबाहेरच्या नव्या वस्तीत तिने नुकताच दवाखाना उघडला होता. मावशीने तिला सोडलं नाही. तिथेच का उघडला? आधी कुठे होतीस? तिथून का निघालीस?

"जिथे होते तिथले डॉक्टर चांगल्या दातांवरही कॅप बसवायला सांगायचे," ती म्हणाली. "मला जमेना."

"नोकरी सोडल्यावर सगळे असंच सांगतात," मावशी तिच्या तोंडावर म्हणाली.

डॉक्टरीणबाई लाल झाली, पण गेली नाही. "खरं आहे," ती म्हणाली. "मीही दुसऱ्याचं ऐकलं असतं तर हेच म्हटलं असतं."

दुसऱ्या दिवसापासून माझा फोन वाजायला लागला. मी ऑफिसात, समोर अपघाताच्या क्लेमचा माणूस बसलेला, आणि फोनवर कोणी डॉक्टर म्हणतायत, "त्या बाईंना सांगा, काल बोलून फार बरं वाटलं. एवढं लक्ष देऊन कोणी ऐकत नाही हो." जाडसर डॉक्टरांचाही फोन आला. त्यांनी त्यांच्या लॅबवाल्याशी बोलून घेतलं होतं आणि एक अवघड कवळी मात्र मावशीकडे पाठवायची म्हणत होते.

मी संध्याकाळी तिच्याकडे गेले. "तुझ्याशी गप्पा मारून लोक खूश झालेत," मी म्हटलं.

"मी कुठे गप्पा मारल्या? मी फक्त विचारत होते."

"तेच तर त्यांना आवडलं."

ती विचारात पडली. तिचा चेहरा आणखीच गंभीर झाला. "म्हणजे नक्कीच काहीतरी हवं असणार यांना."

आम्ही बोलतोय तोवर घंटा वाजली. मावशीने भिंगातून बघितलं आणि मागे सरली. बाहेर करडा कोट.

साखळी अडकवूनच दार उघडलं गेलं. "पत्ता कुठून मिळाला?" हा तिचा पहिला प्रश्न.

पत्ता म्हाताऱ्या डॉक्टरांनी दिला होता. गृहस्थ त्याच मोठ्या लॅबचे होते. मशीनवर कॅप झटपट होतात, पण पुढच्या दातांचा रंग हाताने भरावा लागतो, आणि तसा हात असलेली माणसं मिळत नाहीत, असं ते त्या बोटभर फटीतून सांगत होते. मावशीने त्यांच्यासाठी काम करावं. आणि तिचे जे कोणी डॉक्टर असतील, जुने-नवे, त्यांना त्यांच्या लॅबकडे वळवावं. सगळ्यांचाच फायदा.

"समजा कॅप निघाली," मावशी म्हणाली, "तर डॉक्टर फोन कोणाला करणार?"

"ते आमची सिस्टीम बघेल."

"पण उचलणार कोण?"

"आमच्याकडे त्यासाठी वेगळा विभाग आहे."

"त्या विभागात दात बघितलेलं कोणी आहे का?"

गृहस्थ हसले. या वेळचं हसू जरा थकलेलं होतं. मी विचार करून कळवते, असं सांगून मावशीने दार लावलं, आणि कधीच कळवलं नाही. माणूस वाईट नव्हता असं मला आजही वाटतं. म्हाताऱ्या डॉक्टरांनीही फोन करून सांगितलं, की अगं, मीच पाठवलं होतं त्याला, तुझं भलं व्हावं म्हणून. त्याचा परिणाम एवढाच झाला की पुढचा महिनाभर मावशी म्हाताऱ्या डॉक्टरांवरही नजर ठेवून होती.

याच सुमारास डॉक्टरीणबाईचा फोन आला. दोन कॅपचं काम होतं, पाठवू का? मावशीने लगेच हो म्हटलं नाही. "आधी दवाखाना बघू," ती मला म्हणाली. "न सांगता."

"बघायला म्हणून?"

"पेशंट म्हणून."

रविवार सोडून कुठलीही सुट्टी न घेणारी मी त्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. दवाखाना लहान होता, एका बेकरीच्या वरच्या मजल्यावर. रिसेप्शनवरच्या मुलीला मावशीने माझं आडनाव सांगितलं. ती मुलगी लिहिता लिहिता मावशीच्या बोटांकडे बघत होती. नखांत कायमचं बसलेलं पांढरं प्लास्टर. मावशीने हात पर्समागे घेतले.

आत बोलावलं. डॉक्टरीणबाईने मावशीकडे बघितलं, एक क्षण थांबली, आणि काही न बोलता हातमोजे चढवले. "कुठे दुखतंय?"

"डावीकडे. वरची दाढ," मावशी म्हणाली आणि खुर्चीवर मागे टेकली. ती दाढ चांगली धडधाकट होती. हे मावशीला माहीत होतं आणि येताना तिने मला सांगितलंही होतं. आता हिला ती कोरायची घाई होते का, हे बघायचं होतं.

डॉक्टरीणबाईने आरसा घातला. दाढेवर ठोकून बघितलं, गार हवा सोडून बघितली. मग तोंडातली बाकीची सफरही सावकाश केली.

"ही ठणठणीत आहे," ती म्हणाली. "हिला हात लावायची गरज नाही. उजवीकडची खालची मात्र आतून किडलीय. ती दुखत असणार, आणि ते तुम्ही सांगत नाही आहात."

मावशी छताकडे बघायला लागली.

"आणि मॅडम, त्या दिवशी तुम्ही मला इतके प्रश्न विचारलेत, की तुमचा चेहरा मी या जन्मात विसरणार नाही."

मला हसू आवरेना. मावशी उठली, तोंड पुसलं आणि "बघते" म्हणून बाहेर पडली. जिन्यात माझ्यावरच उखडली. "मला ओळखलं म्हणून खरं बोलली. ओळखलं नसतं तर?"

"पण किडलीय का उजवीकडची?"

ती भराभर जिना उतरायला लागली. तेव्हा मला आठवलं, की कित्येक दिवसांत मी तिला उजव्या बाजूने चावताना बघितलं नव्हतं. जन्मभर लोकांचे दात बनवणारी बाई स्वतःचा दात कोणाला दाखवत नव्हती. ज्याला दाखवायचा, तो तोंडात काय करून ठेवेल याचा भरवसा काय!

ती तिथून थेट म्हाताऱ्या डॉक्टरांच्या घरी गेली. त्यांनी चष्मा लावून खिडकीशी नेऊन बघितलं आणि विचारलं, "आधी कोणी बघितली?" मावशीने नाव सांगितल्यावर ते म्हणाले, "बरोबर बघितलंय. वरून दिसत नाही, माझ्या नजरेतून सुटली असती."

दोन दिवस ती पुन्हा त्या स्वच्छ पट्ट्याच पुसत बसली. तिसऱ्या दिवशी स्वतःहून वेळ घेतली, या वेळी स्वतःच्या नावाने.

रूट कॅनल झालं. मग माप घेतलं गेलं आणि डबीत भरून मावशीकडे आलं. दवाखान्यातून उतरताना तीच ते घेऊन आली होती म्हणा. त्या दोघींमधलं पहिलं काम म्हणजे मावशीची स्वतःची दाढ. मागच्या खोलीत बसून तिने स्वतःच्या जबड्याचं प्लास्टर ओतलं, मेण चढवलं, रंग भरला. मी बघायला गेले तर ती तो जबडा हातात धरून कितीतरी वेळ नुसती बघत बसली होती. "किती झिजलेत गं," एवढंच म्हणाली.

कॅप बसवताना मी तिथेच होते. डॉक्टरीणबाईने निळा कागद दातांत धरून चावायला सांगितलं, जास्त टेकलेल्या जागी उमटलेला निळा ठिपका बघितला आणि म्हणाली, "जरा उंच आहे."

"शक्यच नाही," मावशी म्हणाली. "तुमचं माप चुकलं असेल."

"माप तुम्हीच तपासलंत. तीनदा."

मावशीने आरसा मागितला. तोंड वाकडं करून, भुवया ताणून तिने त्या निळ्या ठिपक्याकडे पाहिलं. मग तिने आरसा परत दिला. "बरोबर आहे," ती म्हणाली. "घासा."

त्यानंतर त्या दवाखान्याच्या डब्या नियमित यायला लागल्या. डॉक्टरीणबाईने तिच्या ओळखीच्या दोघातिघांना सांगितलं, त्यांनी आणखी कोणाला. प्रत्येकाची आधी उलटतपासणी झाली, एकदोघे त्यात गळलेही. पण जे टिकले ते मात्र अजून आहेत. मेळाव्याला ती आता दरवर्षी जाते. मी बरोबर नसते. नंबर मात्र अजून माझाच देते.

मध्यंतरी मावशीच्या मागच्या खोलीत आम्ही तिघी चहा पीत होतो. डॉक्टरीणबाई आता तिला 'अहो' म्हणत नाही. तिने सहज विचारलं, "मावशी, आता तरी तुझा माझ्यावर विश्वास बसलाय का?"

मावशीने कप खाली ठेवला, विचार केला.

"तुझ्यावर बसलाय," ती म्हणाली. "तुझ्या त्या रिसेप्शनवरच्या पोरीवर अजून नाही."