मी आईला चालू दिलं नाही

आई पडली नव्हती. पलंगावर कुशीवर वळताना तिच्या खुब्यात कट्‌कन आवाज झाला. शेजारच्या खोलीत मला तो ऐकू आला.

"पडल्या कशा?" एक्स-रे बघत डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"पडेल कशी? वर्ष झालं, मी तिला पलंगावरून उतरूच देत नाही. बाथरूमलासुद्धा चाकाच्या खुर्चीवर नेतो." वर छाती फुगवून सांगितलं मी हे.

त्यांनी चष्मा काढला. "तुम्ही काय करता?"

"कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो."

त्यांनी एक्स-रे माझ्यासमोर धरला. हाड जाळीसारखं विरळ झालं होतं. कारण त्यांनी सांगायची गरज नव्हती.

दरवर्षी अकरावीच्या पोरांना फळ्यावर मीच तर काढून दाखवतो. हाडात पेशी चिणल्यासारख्या बसलेल्या असतात, पण एकटी एकही नसते. प्रत्येकीचे बारीक हात सूक्ष्म नळ्यांतून शेजारणीपर्यंत पोचलेले, आणि हाताला हात भेटतो तिथे आरपार छिद्रं. पाऊल टेकलं, भार आला, की त्या छिद्रांतून एकीकडून दुसरीकडे निरोप जातो: हाड कामाचं आहे, टिकवा. भार आलाच नाही तर उलटा निरोप जातो, आणि हाड पोखरणाऱ्या पेशी कामाला लागतात. न चुकता परीक्षेत विचारतो मी हे!

मागच्या वर्षी सक्करदऱ्याच्या तळ्यावरून फिरून येताना आईला भोवळ आली. तेव्हापासून माझी सेवा सुरू झाली. तिला भाकरी थापू दिली नाही, पाण्याचा पेलासुद्धा हातात नेऊन दिला. "मले दारापर्यंत तरी जाऊ दे गा," ती म्हणायची. मी तिच्यावर खेकसायचो. गल्लीतल्या बाया आपल्या पोरांना माझं उदाहरण द्यायच्या. सांगायला लाज वाटते, पण मला ते फार आवडायचं.

ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आज उभं करायचं. सिस्टरने वॉकर समोर ठेवला. आईने तो दोन्ही मुठींत धरला, पावलं फरशीला टेकवली आणि थांबली. मला वाटलं, कळ आली असेल. पण ती माझ्याकडे बघत होती. जन्मात कुणाला विचारून पाऊल न टाकलेली माझी आई हळूच म्हणाली, "उठू का गा? रागावशीन तं नाही ना?"