रूळ नसलेलं फाटक

व्हर्लीन टब्जने अमेरिकेत, जॉर्जियातल्या आपल्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, एकतीस वर्षं शाळेची बस चालवली आणि एकदाही रेल्वे फाटक न थांबता ओलांडलं नाही. नियमच होता. बस थांबवायची, दार उघडायचं, पोरांना गप्प करायचं आणि गाडी येतेय का ते कान देऊन ऐकायचं. पुढे रेल्वेने रूळ उखडून नेले, तरी ही बाई स्वतःच्या मोटारीतून जातानाही तिथे थांबायची. मावसबहीण मॅटी शेजारी बसून कपाळाला हात लावायची.

"अगं, आता कुठली गाडी येतेय? कधीच भंगारात गेली ती."

"जित्याची खोड," व्हर्लीन म्हणायची आणि काच खाली करायची.

जनगणना झाली, काउंटीच्या मंडळाने पाच मतदारसंघांच्या हद्दी नव्याने आखल्या आणि ग्रंथालयाच्या भिंतीवर नकाशा लागला. व्हर्लीनची बेथेल वस्ती मधोमध चिरली होती. चर्च एकीकडे, चर्चचं कबरस्तान दुसरीकडे. चार वर्षांपूर्वी या काळ्या लोकांच्या वस्तीने पहिल्यांदाच आपला माणूस मंडळात पाठवला होता आणि नळाला पिवळं पाणी यायचं थांबलं होतं. आता दोन्ही मतदारसंघांत ही माणसं मूठभरच उरणार, म्हणजे पुन्हा त्यांचा कुणीच नाही. खाली कारण छापलं होतं : हद्द रेल्वेमार्गाने जाते.

व्हर्लीनने ते दोनदा वाचलं. तिचं डोकं असं तापलं की ती ग्रंथालयातून चालतच घरी आली; मोटार तिथेच राहिली.

सुनावणी मंगळवारी दुपारी दोनला ठेवली होती, कामकरी माणसाला येताच येऊ नये अशी. तरी लोक आले. कोंबड्यांच्या कारखान्यातली पाळी बुडवून आले, डोक्यावर जाळीच्या टोप्या तशाच. मंडळाचा अध्यक्ष होता रॉयस टिडवेल. प्रत्येकाला बोलायला तीन मिनिटं.

"व्हर्लीनबाई, रेल्वेमार्ग ही पक्की खूण आहे," तो म्हणाला. "हद्दीला अशीच खूण लागते."

"रॉयस, तू नऊ वर्षं माझ्या बसमध्ये होतास. फाटकावर मी काय करायचे?"

"थांबायचात."

"मग?"

तो हसला. "दार उघडायचात."

"मॅटी, दार उघड."

मॅटीने सभागृहाचं दार सताड उघडलं. व्हर्लीन मान तिरकी करून ऐकत उभी राहिली. मागे एकेक करत टोपीवाले उठले. बाहेर कुणीतरी गवत कापत होतं, तेवढाच आवाज.

"आली का गाडी ऐकू? अकरा वर्षं झाली रूळ जाऊन. तिथे काटेरी झुडपं माजलीत. आमची वस्ती तुम्ही नसलेल्या रुळांवर कापलीत."

"तुमची वेळ संपली. बसा आता सगळे."

"सगळे बसल्याशिवाय माझी बस हलायची नाही, आठवतंय? आज आम्ही बसत नाही. बघू तुझी कशी हलते."

हलली. तीन विरुद्ध दोन मतांनी नकाशा मंजूर झाला, शे-दीडशे माणसं उभी असताना. व्हर्लीनच्या डोळ्यांत संतापाने पाणी आलं. ते तिने लपवलं नाही.

"माझं घर आता तुझ्याच मतदारसंघात आलंय, रॉयस," ती जाताना म्हणाली. "आणि तिथलं एकूणएक पोर मी शाळेत पोचवलंय. विसरू नकोस."

दुसऱ्या दिवशी सकाळी नकाशाविरुद्ध न्यायालयात द्यायचा अर्ज घेऊन ती सह्या गोळा करायला निघाली, बसच्या जुन्याच मार्गाने, थांब्यामागून थांबा. फाटकावर ती थांबली, तेव्हा मॅटीने कपाळाला हात लावला नाही. आपल्या बाजूची काच खाली केली.

पहिला थांबा रॉयसच्या आईचा होता. म्हातारी घरातल्या सपाता घालून ओसरीवर बसली होती. तिने अर्ज नीट वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला.

"पोरगं रोज उशीर करायचं," ती म्हणाली. "त्याच्यासाठी तू बस थांबवून ठेवायचीस, व्हर्लीन. त्याने तुला तीनच मिनिटं दिली?"

"तीनच, टिडवेलबाई."

"पेन आण इकडे."